फाटकावर कोण: बोगनवेल की मधुमालती?



आज दोनच झाडांबद्दल बोलणार आहे, बोगनवेल आणि मधुमालती. दोन्ही वेली, दोन्ही स्वस्त, आणि दोन्ही आपल्याकडे फाटकावर, कमानीवर, गच्चीच्या कठड्यावर चढवल्या जातात. तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा, बेळगावात असा की दिल्लीच्या एखाद्या सोसायटीत तळमजल्यावर असा. घरापुढे चार हात माती मिळाली की पहिला प्रश्न येतो, फाटकावर काय चढवायचे? आणि फाटक एकच असते. म्हणून ‘दोन्ही लावा’ असे सांगणारा माणूस तुमचा प्रश्न टाळतो आहे असे समजा. एकाच कमानीवर दोन्ही लावल्या तर दोन-तीन वर्षांत मधुमालती बोगनवेलीच्या डोक्यावर बसते, तिचे ऊन अडवते, आणि बोगनवेल नुसती पानांची होऊन राहते. तीन-चार घरांत हा प्रकार मी पाहिला आहे.

बहुतेक लोक वेल निवडतात ती नर्सरीत, फूल पाहून. तिथेच गडबड होते. नर्सरीतली बोगनवेल नेहमी लदबदलेली दिसते. का? कारण ती वीतभर पिशवीत अडकलेली असते, मुळांना पसरायला जागा नसते, दिवसभर उघड्यावर ऊन खात असते, आणि शेकडो पिशव्यांना पाणी घालणारा माणूस तिच्यापर्यंत रोज पोचत नाही. म्हणजे तिची आबाळ झालेली असते, आणि आबाळ झाली की बोगनवेल फुलते. आपण ती घरी आणतो, प्रेमाने मोठ्या कुंडीत लावतो, भरपूर शेणखत घालतो, रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो. ती हिरवीगार होते, हातभर लांब काटेरी फांद्या काढते, आणि फुलत नाही. मग आपण म्हणतो, नर्सरीवाल्याने फसवले.

मधुमालतीचे उलटे आहे. नर्सरीत ती दिसते अगदी सामान्य. काठीला बांधलेली, चार लांबट पाने, फूल असले तर एखादा घोस. तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. तिला जमिनीत लावा, एक पावसाळा जाऊ द्या, मग ती काय आहे ते कळते.

तेव्हा फुलाकडे पाहून वेल निवडू नका. आधी तुमच्या जागेतले ऊन पाहा, नळाचे पाणी पाहा, आणि स्वतःच्या हाताची सवय पाहा. ज्याचा हात पाणी घातल्याशिवाय राहत नाही त्याने बोगनवेलीच्या वाटेला जाऊ नये. आणि जो वर्षातले चार महिने मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन राहतो त्याने मधुमालती कुंडीत लावू नये.

आता एकेकीकडे नीट पाहू.

बोगनवेलीचे जे आपण फूल म्हणतो ते फूल नव्हे. ती रंगीत पाने आहेत. मराठीत त्यांना सहपत्रे म्हणतात. एका झुबक्यात साधारण तीन असतात, आणि प्रत्येकीच्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक पांढरट नळी असते. ती नळी म्हणजे खरे फूल. गुलबक्षीचे फूल डोळ्यांपुढे आणा, तीच लांब नळी आणि तेच तोंड. नवल नाही, बोगनवेल आणि गुलबक्षी एकाच कुळातल्या आहेत. आणखी एक गंमत सांगतो. या पानांचा गडद किरमिजी रंग गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या रंगाच्या जातीचा नाही. तो बिटाच्या रंगाच्या घराण्यातला आहे. बीट चिरल्यावर हाताला लागतो ना, तो रंग.

हे माहीत असण्याचा उपयोग काय? उपयोग असा की रंग पानांचा असल्यामुळे तो टिकतो. पाकळी दोन-तीन दिवसांत मान टाकते, ही कागदी पाने आठवडेच्या आठवडे तशीच राहतात. तमिळ आणि तेलुगू लोक या झाडाला सरळ कागदी फूलच म्हणतात. म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला तुमचे घर लांबून ओळखू यावे अशी इच्छा असेल तर बोगनवेलीला तोड नाही. फेब्रुवारीत बहर धरला की मे महिन्यापर्यंत भिंत पेटल्यासारखी दिसते. पण वास? शून्य. नाक जवळ नेऊन काही उपयोग नाही, काटा मात्र लागेल.

मधुमालतीचे फूल हे खरेखुरे फूल आहे. बोटभर लांब, बारीक दांडीसारखी नळी आणि टोकाला पाच पाकळ्या. ते उमलते संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, आणि उमलताना पांढरे असते. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. तिसऱ्या दिवसापर्यंत लाल. रोज नवी फुले उमलत असल्यामुळे एकाच घोसात पांढरी, गुलाबी आणि लाल अशी तिन्ही रंगांची फुले एकदम लोंबत असतात. पाहुणे विचारतात की तीन वेली एकत्र लावल्यात का. एकच असते.

या रंग बदलण्याला कारण आहे. पांढरे, ताजे, सुगंधी फूल रात्रीच्या मोठ्या पतंगांसाठी असते. लांब सोंडेचे, हवेत एका जागी थांबून मध पिणारे ते पतंग तुम्ही पाहिले असतील. अंधारात त्यांना पांढरा रंग दिसतो आणि वास कळतो. दुसऱ्या दिवसापासून उजेडात मधमाश्या, फुलपाखरे आणि पक्षी येतात, त्यांना गुलाबी-लाल रंग चालतो. आमच्याकडे शिंजीर सकाळी हमखास येतो. संध्याकाळी सात वाजता व्हरांड्यात खुर्ची टाकून बसा. तो वास गोडसर असतो पण रातराणीसारखा डोके धरवणारा नसतो. ज्या घरात संध्याकाळी माणसे असतात, व्हरांड्यात चहा होतो, त्या घरासाठी ही वेल आहे. जे घर सकाळी आठला बंद होते आणि रात्री दहाला उघडते त्या घरात ती कुणासाठी फुलणार?

नावांचा घोळ थोडा सांगून टाकतो, कारण वेगवेगळ्या राज्यांत नर्सरीत विचारताना अडचण येते. मधुमालतीला तेलुगूत राधामनोहरम् म्हणतात, तमिळमध्ये रंगून मल्ली, बंगालीत मधुमंजिरी. हे बंगाली नाव रवींद्रनाथांनी दिलेले. संस्कृत काव्यातली माधवी लता म्हणजे ही नव्हे, ती वेगळी वेल. इंग्रजी पाटीवर तुम्हाला ‘क्विस्क्वालिस’ असे दिसेल. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे तिला कॉम्ब्रेटम या प्रजातीत घातले आहे, पण नर्सरीच्या पाट्या काही बदललेल्या नाहीत. क्विस्क्वालिस हे लॅटिन आहे, ‘कोण? कसली?’ असा त्याचा अर्थ. रम्फियस नावाचा जर्मन माणूस सतराव्या शतकात डच कंपनीच्या फौजेत भरती होऊन आजच्या इंडोनेशियातल्या अम्बोन बेटावर गेला आणि तिथल्या झाडांचा अभ्यास करत बसला. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी काम सोडले नाही. ही वेल आधी झुडपासारखी उभी वाढते आणि मग एकाएकी वेल होऊन धावत सुटते. तिला पाहून कुणालाही तोच प्रश्न पडेल.

बोगनवेलीच्या नावातही फौजी माणूस आहे. लुई आंत्वान द बूगँव्हिल हा फ्रेंच अधिकारी आधी कॅनडात इंग्रजांविरुद्ध लढला आणि नंतर जहाजे घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमरसाँ याला १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये, रिओच्या परिसरात, ही वेल मिळाली आणि त्याने ती आपल्या सेनापतीच्या नावे केली. वरिष्ठांना खूश ठेवण्याची ही पद्धत जुनीच दिसते. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. कॉमरसाँचा मदतनीस म्हणून जहाजावर जो तरुण होता तो तरुण नव्हताच. ती झान बारे नावाची स्त्री होती, पुरुषाच्या वेशात. कॉमरसाँचा पाय दुखत असे, त्यामुळे ओझी वाहणे आणि रानात शिरणे हे बरेचसे तिच्याकडे होते. ही वेल प्रत्यक्षात तिनेच गोळा केली असावी असे काही अभ्यासक मानतात. समुद्रमार्गे पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री ती. वेलीला नाव मात्र सेनापतीचे.

असो. पाण्याकडे येऊ, कारण माझ्या मते या दोघींमधला खरा फरक पाण्याचा आहे.

विदर्भातला संत्र्याचा शेतकरी काय करतो? झाडाचे पाणी तोडतो. ताण देतो. पाने कोमेजून पिवळी पडू लागली, झाड विश्रांतीला गेले, की मग खत देऊन पाणी सोडतो आणि झाड बहर धरते. डाळिंबवालेही हेच करतात. बोगनवेलीला हाच नियम लावा. पावसाळा संपला, ऑक्टोबरची उघडीप आली की लांब फांद्या एक तृतीयांश छाटा. मग पाणी हात राखून घाला. कुंडीत असेल तर वरची दोन बोटे माती पूर्ण वाळू द्या, पाने जरा मलूल होऊन खाली झुकू द्या, मगच पाणी, आणि तेव्हा मात्र कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत. रोज थोडे थोडे नाही. जमिनीत लावलेली आणि दोन-तीन वर्षांची झालेली वेल असेल तर पावसाळ्यानंतर तिला जवळपास विसरून गेलात तरी चालते. महामार्गांच्या दुभाजकांवर ही लावतात ती उगाच नाही. वर डांबराची आग, खाली मुरूम, कधीतरी टँकरचे पाणी, आणि फूल पाहा.

खताचेही तेच. शेणखत आणि युरियासारखे नत्र जास्त झाले की पाने, पाने आणि पाने. वर्षातून दोनदा मूठभर हाडांचे खत आणि थोडी राख पुरे. कुंडी मोठी घ्यायचा मोह टाळा. तिची मुळे जरा दाटीत असली की ती खूश असते. आणि कुंडी बदलायची वेळ आलीच तर मातीचा गड्डा फोडू नका. इतकी दांडगी दिसणारी वेल, पण मुळे तिची बारीक आणि ठिसूळ असतात, दुखावली की बसते.

ऊन मात्र हवेच. पाच-सहा तास थेट ऊन. ‘उजेड आहे की हो’ असे लोक म्हणतात, तो उजेड नाही चालत. उत्तरेकडच्या बाल्कनीत बोगनवेल म्हणजे काटेरी हिरवळ.

मधुमालतीला चार तास ऊन मिळाले तरी ती फुलते, अर्थात जास्त मिळाले तर जास्त फुलते. मुळे तिला मोकळी हवीत, आणि ओलावा हवा. एप्रिल-मे महिन्यात जमिनीतल्या वेलीला आठवड्यातून दोन-तीनदा भरपूर पाणी लागते. कुंडीतल्या वेलीला रोज, आणि दुपारी पाने लोंबलेली दिसली तर संध्याकाळी पुन्हा. ती वाळत नाही सहसा, पण कळ्या गाळते. ताण दिला की बहर धरेल हा हिशोब इथे चालत नाही.

आता हा पाण्याचा विषय मला नुसता बागेचा वाटत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूत टंचाई इतकी झाली की बागेला पिण्याचे पाणी घालायला बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठरला. मराठवाड्यात तर टँकर हा उन्हाळ्यातला नेहमीचा पाहुणा. अशा ठिकाणी मधुमालती लावायची असेल तर आधी स्वयंपाकघरातले भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी तिच्यापर्यंत जाईल अशी सोय करा. ती सोय होत नसेल तर मन आवरा आणि बोगनवेल लावा. शेजारी हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभे असताना आपण वेलीवर पाइप धरून उभे राहणे बरे दिसत नाही, आणि बरे नाहीही.

दुसरा फरक काट्यांचा. बोगनवेलीचा काटा चांगला लांब, टोकदार आणि मजबूत असतो. ती मधुमालतीसारखी काठीला स्वतःहून वेढे घालत नाही. तिला तणावे नाहीत, पकड नाही. ती दुसऱ्या झाडावर रेलते आणि काट्यांनी अडकून वर सरकते. म्हणून कमानीवर तिला सुतळीने बांधावेच लागते, आणि बांधले नाही तर फांदी रस्त्यावर येते, नेमकी सायकलवरच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. फाटकाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीपर्यंतच्या आडव्या फांद्या मुळातच ठेवायच्या नाहीत, हा माझा नियम आहे. तिचा चीकही काहींच्या कातडीला सोसत नाही, पुरळ येते. छाटणी करताना चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा.

‘काटेरी झाड दारात नको’ असे वास्तुवाले सांगतात. मला त्यातले कळत नाही. मला कुंपण कळते. मागच्या भिंतीवर, जिथून कुणी उडी मारून आत यावे असे तुम्हाला वाटत नाही, तिथे तिच्यासारखा पहारेकरी नाही. बुलबुलही तिच्या दाट काट्यांत घरटे करतो, मांजर पोचत नाही म्हणून. छाटायच्या आधी आत एकदा डोकावून पाहा.

मधुमालतीलाही काटे असतात हे लोकांना माहीत नसते. पान गळते पण देठाचा खालचा भाग फांदीवर राहतो आणि वाळून कडक आकडा होतो. त्याच आकड्यांनी ती चढते. बोगनवेलीच्या मानाने ते बोथट, पण जुन्या खोडावर हात घासला तर ओरखडा उठतो.

तिचा खरा त्रास वेगळा आहे. ती थांबत नाही. सात-आठ मीटर सहज जाते. पहिल्या मजल्याची खिडकी, मग पाण्याचा पाइप, मग इंटरनेटची केबल, मग शेजाऱ्याची गच्ची. बुंध्यापासून दोन-तीन हातांवर जमिनीतून नवे फुटवे काढते ते वेगळेच. आणि वजन! पावसात भिजलेल्या जुन्या मधुमालतीचे ओझे साधी पत्र्याची कमान पेलत नाही. कमान करायचीच असेल तर लोखंडी पाइपची करा, पाय काँक्रीटमध्ये रोवा. वर्षातून एकदा, फुले ओसरली की, थंडीच्या शेवटी तिला निर्दयपणे छाटा. कंबरेएवढी ठेवली तरी उन्हाळ्यात पुन्हा वर जाते, आणि फूल नव्या फुटीवरच येते, त्यामुळे नुकसान काही नाही.

इथे माझ्या वयाच्या मंडळींसाठी थांबतो. आपल्यातले कितीतरी जण निवृत्तीनंतर पहिल्यांदा स्वतःची बाग करतात. हौस दांडगी असते आणि गुडघे साठीचे असतात. शिडीवर चढून, एका हाताने फांदी धरून, दुसऱ्या हाताने कात्री चालवणे हे काम दिसते त्यापेक्षा धोक्याचे आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाला बाग खिडकीतूनच पाहावी लागते. म्हणून वेल कोणतीही लावा, तिची उंची तुम्ही जमिनीवर उभे राहून हात वर केल्यावर पोचेल तितकीच ठेवा. बोगनवेलीच्या बाबतीत हे सोपे आहे. ती वेल असली तरी झुडूप म्हणून राहायला तयार होते. शेंडे खुडत राहिले की छत्रीसारखी होते, कुंपण होते, कुंडीत दोन फुटांवरही सुखाने राहते. मधुमालतीला झुडूप होणे मान्य नसते. तिला दरवर्षी छाटायला माणूस लागतो. तो माणूस मिळणार आहे का, आणि त्याची मजुरी द्यायची तयारी आहे का, हे लावण्यापूर्वी ठरवा.

मधुमालतीला साप येतो का, हा प्रश्न मला बायका हमखास विचारतात, पुरुष विचारत नाहीत पण काठी घेऊन वेलीखाली वाकून पाहतात. सुगंधाला साप येत नाही. त्याला फुलाच्या वासात काही रस नाही. तो येतो उंदीर, पाली, बेडूक यांच्यामागे आणि लपायला आडोसा मिळतो म्हणून. वेलीच्या बुडाशी पाचोळा, विटा, जुने पाइप, फुटक्या कुंड्या साठवून ठेवल्या तर गुलाबाखालीही साप येईल. बुंध्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग मोकळा ठेवा, पाचोळा काढत जा, उजेड पडू द्या.

आणखी एक, लोक कुठेतरी वाचतात की मधुमालतीच्या बिया जंतांवर औषध आहेत. चीन आणि आग्नेय आशियात तसा जुना वापर आहे हे खरे. पण त्या जास्त झाल्या तर मळमळ, उचक्या, चक्कर असा त्रास होतो. जंताची गोळी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. नातवंडांवर बियांचे प्रयोग करू नका.

हवामानाचे आता. कोकण, गोवा, मंगळूर, म्हणजे जिथे चार महिने धो धो पाऊस, तिथे बोगनवेल जून ते सप्टेंबर रुसून बसते. पाने वाढतात, रंग नाही. पाणी साचले तर मुळे कुजतात. कुंडी विटांवर उचलून ठेवावी, जमिनीत लावायची तर उंचवट्यावर. मधुमालती त्याच पावसात घोस सोडते. पुणे, नाशिक, सोलापूर, हैदराबाद, इंदूर या कोरड्या हवेत दोघींचे बरे चालते, बोगनवेलीचे जास्त बरे. दिल्ली, चंदिगड, लखनौकडे थंडीचा प्रश्न येतो. मधुमालती तिकडे डिसेंबर-जानेवारीत पाने गाळते, मेल्यासारखी दिसते. उपटून टाकू नका. कडाक्याने वरच्या फांद्या गेल्या तरी बुडातून मार्चमध्ये फुटते. बोगनवेलीच्या कोवळ्या रोपाला पहिली थंडी सोसत नाही, रात्री पोत्याने झाका. मोठी झाली की मग पाहा. चंदिगडला सेक्टर ३ मध्ये बोगनवेलीची स्वतंत्र बागच आहे, तिकडे राहणाऱ्यांनी खरेदीपूर्वी एकदा तिथे चक्कर मारावी. रंग आणि जाती दोन्ही प्रत्यक्ष दिसतात.

भाड्याच्या किंवा सरकारी घरात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट अनुभवाची सांगतो. फौजेत दोन-तीन वर्षांनी बदली. छावणीतल्या बंगल्यात जमिनीत जे लावाल ते पुढच्या अधिकाऱ्याचे, आणि तुम्हाला जे मिळते ते मागच्याने लावलेले. ही व्यवस्था वाईट नाही. पण स्वतःचे म्हणून काही सोबत न्यायचे तर ती बोगनवेल. आमच्या चार कुंड्या, गेरू लावलेल्या आणि काठाला चुन्याची पट्टी ओढलेल्या, सामानाच्या ट्रकमधून झाशी, जोधपूर, सिकंदराबाद अशा फिरल्या. निघायच्या आधी फांद्या वीतभर ठेवून छाटायच्या, पाणी तोडायचे, पोत्यात गुंडाळायच्या. चार दिवसांचा प्रवास त्यांना ताणासारखा लागायचा आणि नव्या जागी महिन्या-दीड महिन्यात फूल यायचे. मधुमालती अशी फिरत नाही. ती घर झालेल्या माणसाची वेल आहे. निवृत्त होऊन नाशिकला आलो तेव्हा सगळ्यांना वाटले की मी फाटकावर बोगनवेल लावीन. मी मधुमालती लावली. वीस-पंचवीस वर्षे एकाच जागी राहायचे असेल, विहिरीला किंवा बोअरला पाणी असेल आणि संध्याकाळ घरी घालवायची असेल, तर माझे मत तिलाच.

पण तीनपैकी एक अट जरी अडली तरी बोगनवेल. पाण्याची टंचाई, बोगनवेल. घर वर्षातून काही महिने बंद, बोगनवेल. गच्ची किंवा दक्षिण-पश्चिमेची बाल्कनी आणि कुंडीशिवाय इलाज नाही, बोगनवेल. फाटकाला ऊनच नाही, समोर मोठी इमारत, तर मधुमालती लावून पाहा, आणि तेही चार तासांपेक्षा कमी असेल तर फुलांचा नाद सोडा, मनीप्लांट चढवा.

घ्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. मधुमालतीत एकेरी आणि दुहेरी अशा दोन तऱ्हा मिळतात. दुहेरी पाकळ्यांची हल्ली जास्त खपते, घोस भरगच्च दिसतो. मला एकेरी आवडते, ती जाळीदार हलकी दिसते. नर्सरीत संध्याकाळी जा, वास घेऊन मगच पैसे द्या. विकत घ्यायचीही गरज नाही खरे तर, ओळखीच्या घरी वेल असेल तर बुडाशी आलेला मुळासकट फुटवा पहिल्या पावसानंतर खणून आणा. लागतोच.

बोगनवेलीत रंग पुष्कळ. एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी पाने येणारी ‘मेरी पामर’ ही जात कोलकात्याची. तशाच दोन रंगांची, शिवाय पानांवर पिवळट ठिपके-पट्टे असलेली ‘थिम्मा’. चट्टेरी पानांच्या जाती दिसतात सुंदर पण वाढतात सावकाश. ज्याची पहिलीच वेल आहे त्याने साधी किरमिजी घ्यावी. ती मरता मरत नाही. फांदीचे कलम करायचे तर पेन्सिलएवढी जाड, पिकलेली, वीतभर काडी घ्या, फेब्रुवारीत किंवा पावसाच्या सुरुवातीला लावा, आणि नवी पाने दिसली म्हणून लगेच उपटून मुळे पाहू नका. दोन महिने धीर धरा.

खड्डा दोघींनाही दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून, पायाला चिकटून नाही. बोगनवेलीच्या खड्ड्यात तळाला विटांचे तुकडे आणि मातीत तिसरा हिस्सा वाळू. मधुमालतीच्या खड्ड्यात दोन पाट्या कुजलेले शेणखत. मृगाचा पाऊस पडून माती चार बोटे ओली झाली की लावा. दिल्लीकडच्यांनी जुलैची वाट पाहावी.

पुढच्या भागात कुंडीतल्या शेवंतीबद्दल बोलू.